दुसरी बंदूक

दार्दो आदल्या दिवशी दुपारीच मोंतेविदेओहून आला. तो नुसता शिकारीला आलेला नाही, हे त्याची पावलं कुठे वळली त्यावरूनच नेल्बाला कळलं. शिकारीला आलेला माणूस आधी कुत्र्यांकडे जातो. दार्दो आधी बंदुकांच्या कपाटाकडे गेला. किल्ली कुलपातच लटकत होती ती पाहून त्याने मान हलवली, आणि मग सगळ्यांना भेटायला तो स्वयंपाकघरात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दंव इतकं पडलं होतं की ओढ्यापर्यंतचं सगळं कुरण चुना फासल्यासारखं दिसत होतं. मागच्या अंगणात नेल्बा कुत्र्यांचं बघत होती. लुंब्रे ही तिची तरुण पॉइंटर कुत्री. ती एका उडीत गाडीच्या पिंजऱ्यात शिरली. तिची आई ब्रिसा दारातच बसून राहिली. आपल्याला कुणी बोलावणार नाही हे तिला ठाऊक झालं होतं. तिच्या डाव्या डोळ्याच्या जागी शिवलेली कातडी होती, आणि आता ती प्रत्येकाकडे मान तिरकी करून बघायची.

दार्दो काखेत थर्मास धरून आला आणि मातेचा, म्हणजे नळीने ओढायच्या कडू चहाचा, भोपळा त्याने बहिणीच्या हातात दिला.

"ताई, आपलं ठरलंय ते विसरली नाहीस ना?"

नेल्बाने नळीतून एक घोट ओढला. "पाणी फार तापवलंस. पानं जळाली सगळी."

"विषय बदलू नकोस."

"बदलत नाही. जेवणानंतर असं ठरलंय. जेवणानंतर बोलेन."

"तूच बोलायचंस. मी तोंड उघडलं की बाबा म्हणणार, आला शहरातून शहाणपण शिकवायला. आदेमारदादा तर मेला तरी बोलणार नाही. राहिलीस तू." त्याने ब्रिसाकडे हनुवटी उडवली. "तिच्यासाठी तरी बोल."

"सांगितलं ना एकदा."

दिलेला शब्द नेल्बा मोडत नसे. तरीही रिकामा भोपळा परत करताना तिने भावाच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली, जुलैमधली. हंगामाचा शेवटचा रविवार होता. त्यांच्या वडिलांनी, डॉन लेआंद्रोंनी, जमिनीलगत उडालेल्या तितरावर बार टाकला, आणि छर्रे तितराला न लागता ब्रिसाला लागले. कान फाटला, डोळा गेला. कुत्री किंचाळली तेव्हा मधला भाऊ आदेमारच पहिल्यांदा म्हणाला, "तारेत अडकली, बाबा." त्याची बायको मिर्ता हिने लगेच दुजोरा दिला. नेल्बा कुत्रीला कवेत घेऊन गाडीकडे पळत होती. ती काहीच बोलली नाही, आणि न बोलणं हेही त्या दिवशी खोटं बोलण्यासारखंच झालं. दार्दोला हे सगळं फोनवर समजलं. तो एवढंच म्हणाला, "आज कुत्री. उद्या माणूस." नेल्बाला त्याचं म्हणणं खोडता आलं नाही. हंगाम उघडेल त्या दिवशी, जेवणानंतर, सगळ्यांसमोर आपणच वडिलांना बंदूक खाली ठेवायला सांगू, असं तिने कबूल केलं.

जेवणानंतरच, कारण त्याआधी पहिला बार व्हायला हवा होता. त्यांच्या इरुरेता घराण्यात हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांत वडील माणूस पहिला तितर पाडतो. तो पडेपर्यंत दुसऱ्या कुणाची बंदूक बोलत नाही. एकाच तितरावर दोन भावांनी बार टाकले आणि तो कुणाचा यावरून ते जन्मभर एकमेकांशी बोलले नाहीत, तेव्हा पणजोबांनी हा नियम घातला. ते भांडण मागे पडलं. नियम तेवढा उरला.

डॉन लेआंद्रो बाहेर आले. खांद्यावर जुनी दुनळी, कमरेला स्वतः भरलेल्या काडतुसांचा पट्टा. त्यांच्या नजरेच्या मधोमध भोक पडलं होतं. कडेकडेचं तेवढं दिसे. समोरच्या माणसाकडे बघायचं तर ते त्याच्या कानाकडे बघत.

"दार्दो, शहरात बरे बूट मिळत नाहीत वाटतं? पाय ओढतोयस."

"नवीन आहेत, बाबा. चावतात."

"शिकारीला नवीन बूट? तुझं लग्नसुद्धा असंच झालं."

आदेमार मोठ्याने हसला. दार्दोसुद्धा हसला, पण गाडीत बसल्यावर तो खिडकीतून बाहेरच बघत राहिला.

कुंपणापाशी सगळे उतरले. दार्दोला रिवाजाप्रमाणे तारेच्या पलीकडे ठेवलं. अलीकडे डॉन लेआंद्रो, त्यांच्या डाव्या हाताला एक पाऊल मागे आदेमार, आणि कुत्री सांभाळायला नेल्बा. गेले तीन हिवाळे आदेमारची जागा तीच होती, आणि त्या जागेचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. वडिलांनी घोडा ओढला की त्याच क्षणी तोही ओढायचा. दोन बार एकात एक मिसळायचे. तितर पडायचा. वडील विचारायचे, "पडला?" आदेमार म्हणायचा, "पडला, बाबा. तुमचाच." एरवी बाजारात गुरांचा भाव करतानाही चाचरणारा तिचा हा भाऊ ते वाक्य न अडखळता म्हणायचा.

लुंब्रे वाऱ्याच्या तोंडी नागमोडी धावत सुटली. तिचा हा पहिलाच हंगाम. गवताच्या एका झुबक्यापाशी ती वळली आणि वळतावळताच थिजली. पुढचा एक पाय दुमडलेला, शेपूट ताठ, सगळं अंग नाकाच्या टोकाशी गोळा झालेलं.

"उभी आहे," नेल्बा हलक्या आवाजात म्हणाली. "बाबा, सरळ पुढे. उतारावर."

तितर उडण्याआधी पळतो. हाही पळाला. लुंब्रे पोट जमिनीला टेकवत सरकली, पुन्हा थिजली, पुन्हा सरकली. तिला आवर घालायला नेल्बा वळसा घेऊन पुढच्या बाजूला गेली. कुत्री डॉन लेआंद्रोंच्या पायांपासून दोन-तीन पावलांवर आली होती. तितर आता समोर मोकळ्या रानाकडे उडेल, असाच सगळ्यांचा हिशेब होता.

तो उडाला, पण वाऱ्याने त्याला फिरवलं. पंखांचा फर्र आवाज आणि ती बारीक शीळ घेऊन तो बाप-लेकीच्या मधून मागे वळला, आणि डॉन लेआंद्रोंची बंदूक त्या आवाजाबरोबर फिरली. दोन्ही नळ्यांची भोकं नेल्बाला दिसली. त्यांच्या मागे वडिलांचा चेहरा होता. शांत, कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा.

बार उडाला.

"ताई!"

आदेमारने बार टाकला नव्हता. त्याची बंदूक आभाळाकडे होती. नेल्बा गुडघ्यांवर बसली होती. आता दुखायला लागेल, म्हणून ती वाट बघत राहिली. काही दुखलं नाही. कानाजवळून काही सूं करत गेलं नव्हतं. तिच्या आणि बंदुकीच्या मधे वाळलेल्या काट्यांची रांग होती, आणि त्यांच्या बोंडांवरचं दंवसुद्धा हललेलं नव्हतं.

तितर दूर खाली ओढ्याकाठच्या लव्हाळ्यात उतरला.

"लागलं का? ताई, बोल ना!" आदेमार धावत आला.

"नाही. काही नाही. वरून गेलं."

ती उठून कुत्रीकडे गेली. लुंब्रे गवतात सपाट पडून थरथरत होती. तिच्या पांढऱ्या पाठीवर पिवळी भुकटी सांडली होती. नेल्बाने बोट फिरवलं. रवाळ होती. नाकाशी नेली तर जळक्या मक्याचा वास आला.

मक्याचं पीठ.

पलीकडे दार्दो तारेवरून चढताना पँट फाडून घेत होता आणि ओरडत होता. "बस्स! झालं ना मनासारखं? अजून काय बघायचं राहिलंय?"

नेल्बाने तळहाताने केस उलटे-सुलटे करत कुत्रीच्या पाठीवरचं पीठ झाडून टाकलं. असं का केलं, ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. आदेमार पाच पावलांवर होता, आणि त्याने ते बघू नये एवढंच तिला कळलं.

"आदेमार, दार्दोला घेऊन घरी जा. गाडी घेऊन जा. मी बाबांना घेऊन चालत येते."

"पण पहिला बार..."

"जा म्हटलं ना."

दोघे भांडत गाडीकडे गेले. डॉन लेआंद्रो एका वारुळाच्या कडेला टेकले होते. बंदूक उघडून त्यांनी गुडघ्यांवर आडवी ठेवली होती.

"कुत्रीला लागलं का?" त्यांनी विचारलं.

"पिठाने काय लागणार? घाबरलीय."

त्यांनी कमरेचा पट्टा चाचपला. मग त्यांनी पट्ट्यातून एक काडतूस काढून तिच्या हातावर ठेवलं. हलकं होतं. गोगलगाईच्या रिकाम्या शंखासारखं.

"सगळी अशीच?"

"सगळी. दारू, बूच आणि पीठ. हाताने भरायला डोळे लागत नाहीत."

"कधीपासून?"

"तारेत अडकलेली कुत्री तशी ओरडत नाही, नेल्बा. जुलैत मी तिथेच उभा होतो. तुम्ही गोष्ट रचत होतात आणि मी ऐकत होतो. मिर्ताने तर कुठल्या खांबाजवळ अडकली तेसुद्धा सांगितलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "रात्री सगळे निजल्यावर मी ब्रिसाजवळ जाऊन बसायचो. ती उठून दुसरीकडे जायची नाही. गेली असती तर बरं झालं असतं."

"मग त्याच दिवशी बंदूक का ठेवली नाहीत?" नेल्बाचा आवाज चढला. "मी वर्षभर जळतेय. आज तुम्हाला सगळ्यांसमोर सांगणार होते, माहितेय?"

"माहितेय. फोनवर तू ओरडूनच बोलतेस."

तिला हसू आलं नाही. "मला उत्तर द्या, बाबा."

"आदेमारसाठी."

ओढ्याकडून वारा आला. लुंब्रे उठून नेल्बाच्या पायाशी येऊन बसली.

"माझ्यादेखत त्याचा बार कधी लागला नाही," म्हातारा म्हणाला. "लहानपणापासून. मी ओरडायचो नाही, काही बोलायचोसुद्धा नाही. नुसता मागे उभा असलो की त्याचे हात कापायचे. तुझी आई म्हणायची, त्याच्या मागे उभा राहू नकोस. मी म्हणायचो, मग शिकणार कसा? शेवटी त्याने बंदूक धरणंच सोडलं. आठवतंय? गुरांकडे बघतो म्हणायचा."

"आठवतंय."

"मग डोळे गेले. एक दिवस माझा नेम चुकला आणि माझ्या मागून बार उडाला. तितर दगडासारखा पडला. मी विचारलं, पडला? हा म्हणाला, पडला बाबा, तुमचाच." त्यांनी बंदुकीच्या नळीवरून अंगठा फिरवला. "दोन बंदुका एकदम उडाल्या तर एकच ऐकू येईल एवढा मी बहिरा नाही. पण त्या दिवसापासून त्याचा एक बार वाया गेलेला नाही, नेल्बा. माझ्या कानापासून हातभर अंतरावर उभा राहून! माझी लाज राखायची म्हटली की त्याचा हात दगडासारखा स्थिर होतो. स्वतःसाठी कधी झाला नाही. मी बंदूक ठेवली असती तर तो पुन्हा गुरांमागे गेला असता. म्हणून पीठ."

नेल्बाने काडतूस मुठीत आवळलं. वर्षभर जपलेला राग तिने शोधून पाहिला. तो होता, पण ठेवायला जागा सापडेना.

"मी कुत्री शिकवते, बाबा," ती म्हणाली. "एक कुत्री थिजली की मागची तिला मान देऊन थिजते. ते शिकवावंच लागतं. पण एखादीला नेहमी मागेच ठेवली, तर पुढे ती स्वतः वास घेतच नाही. दुसरी कधी थांबते तेवढंच बघते. दिसायला फार सुरेख दिसतं. शिकारीच्या दृष्टीने ती कुत्री संपलेली असते."

"तो कुत्रा नाही."

"नाही. म्हणूनच वाईट. त्याचे केस पिकले, बाबा. सांगू त्याला? पिठाचं?"

"नको!" म्हातारा ताडकन म्हणाला. "तो मला तोंड दाखवणार नाही."

"मग पहिला बार त्याला द्या. आज. जेवणानंतर. आणि रिकाम्या हातांनी मागे उभे राहा."

"चुकेल तो."

"चुकू दे."

"मी मागे असलो की चुकणारच."

"मग चुकलेलं ऐका. तेवढं तरी करा त्याच्यासाठी."

डॉन लेआंद्रोंनी बंदूक मिटली, पुन्हा उघडली. होकार दिला नाही, नकारही दिला नाही. घरी जाईपर्यंत त्यांनी तिचा हात धरला नाही. तिच्या पायांच्या आवाजामागून ते चालत राहिले.

छपरीत मिर्ताने निखारे पसरले होते. कोकराच्या बरगड्या तयार होत्या, आणि टेबलावर गेल्या वर्षीच्या व्हिनेगरातल्या तितरांची शेवटची बरणी उघडून ठेवली होती. त्या बरणीला कुणी हात लावला नाही.

"तितर आणले नाहीत ते नाहीत, तोंडं तरी बरी करा," मिर्ता म्हणाली. "मांस रबर होईल."

दार्दोने काटा खाली ठेवला. "वहिनी, थोडक्यात वाचलीय ताई. मी डोळ्यांनी पाहिलं. नळ्या सरळ तिच्यावर होत्या."

"चूक माझी होती," आदेमार म्हणाला. "मी बाबांना बाजू चुकीची सांगितली. म्हणून..."

"तू काही सांगितलं नाहीस! तू काय बोलतोस ते मला कुंपणापलीकडून ऐकू येतं, दादा. सगळ्या गोष्टी तू अंगावर घे, म्हणजे कुणाला काही करायला नको."

"तू वर्षातून एकदा येतोस, दार्दो."

"कारण मला इथे उभं राहायला जागाच नाही! तारेच्या पलीकडे. कायम. बाबांनी मला कधी शेजारी उभं केलंय? एकदा तरी?"

"तू शेजारी राहिलाच नसतास," डॉन लेआंद्रो मांस कापत म्हणाले. "तू चार वर्षांचा असल्यापासून सगळ्यांच्या पुढे पळायचास. पुढे उभ्या असलेल्या माणसाला मी कुठे ठेवणार?"

ही शिवी की कौतुक, ते दार्दोला उमगलं नाही. मग तो बहिणीकडे वळला.

"ताई. झालं जेवण. बोल."

सगळे नेल्बाकडे बघायला लागले. आदेमारच्या नजरेत विनवणी होती, आणि ती बघवत नव्हती. तिच्या खिशात ते हलकं काडतूस होतं. ते टेबलावर ठेवलं असतं तर दार्दोची तक्रार तिथल्या तिथे मिटली असती. वडिलांनी कुणाच्या जिवाशी खेळ केलेला नाही हे सगळ्यांना कळलं असतं. आणि आदेमारचे तीन हिवाळे त्याच टेबलावर उघडे पडले असते.

"बाबा बोलतील," ती म्हणाली.

"हे ठरलं नव्हतं," दार्दो दबक्या आवाजात म्हणाला. "तू मला शब्द दिला होतास. एका सकाळीत फिरलीस?"

नेल्बाने वडिलांकडे पाहिलं. म्हातारा चावत होता. त्याने घास गिळला, वाइनचा घोट घेतला, पाव मोडला. तो आता मागे सरणार, असं तिला वाटलं. तसं झालं तर खिशात हात घालायचा की नाही, हे तिचं अजून ठरलेलं नव्हतं.

"दार्दोचं बरोबर आहे," डॉन लेआंद्रो म्हणाले.

आदेमारच्या हातातली सुरी ताटावर वाजली.

"मला दिसत नाही. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. आजपासून मी बंदूक धरणार नाही." त्यांनी कमरेचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला. "पहिला बार आदेमारचा. आत्ता जेवण झालं की."

दार्दोने पट्ट्याकडे हात नेला. "मी ठेवतो कपाटात. कुलूप लावून." त्याच्या आधी नेल्बाचा हात पट्ट्यावर पडला.

"राहू दे. मी ठेवते."

"कुलूप लाव म्हणजे झालं," तो म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. वर्षभर ज्या भांडणाची तयारी केली ते असं संपेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. जिंकूनही तो हिरमुसल्यासारखा बसून राहिला.

"मी नाही," आदेमार म्हणाला. "बाबा, तुम्ही असताना मी नाही."

"तुला विचारलं नाही."

"रिवाज असा आहे की सगळ्यांत वडील..."

"वडील माणूस ठरवतो. मी ठरवलं. मिर्ता, याला अजून एक बरगडी दे, हात कापतायत त्याचे."

"ऐकू येतंय का तुम्हाला?" मिर्ताने विचारलं.

"त्याच्या ताटाला विचार."

मिर्ताने नवऱ्याच्या ताटात बरगडी वाढली आणि जाताजाता त्याच्या मानेवर हात ठेवला. तिने हात तिथे जरा जास्तच वेळ ठेवला.

पाणी पाजण्याच्या हौदापाशी आदेमारने नेल्बाला गाठलं. ती लुंब्रेचे पाय तपासत होती.

"ताई, तू सांगितलंस का त्यांना? माझं?"

"मी काही सांगितलं नाही," ती म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

"मग असं अचानक का?"

"डोळे गेलेत म्हणून. तुला अचानक वाटतंय?"

त्याने हौदात हात बुडवून तोंडावर पाणी मारलं. पाणी बर्फासारखं होतं. "ते मागे असले की माझा बार लागत नाही. तुला माहितेय."

"माहितेय."

"मग?"

"मग लागणार नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने कुत्रीचा पाय सोडला. "मलाही माहीत नाही ही आज थिजेल की नाही. सकाळी डोक्यावर बार उडालाय. पहिल्या हंगामात एवढ्याने कुत्री बिघडते. तरी नेतेय ना मी?"

दुपारी उतारावर पिवळं ऊन पडलं होतं आणि दंव कधीच विरलं होतं. या वेळी दार्दोला कुणी तारेपलीकडे पाठवलं नाही. तो वडिलांच्या उजव्या हाताला चालत होता, बंदूक उघडून कोपरावर टाकलेली. डॉन लेआंद्रोंना रिकाम्या हातांचं काय करावं ते समजत नव्हतं. ते खिशात घालायचे, बाहेर काढायचे.

लुंब्रे सुरुवातीला नेल्बाच्या पायांपासून हलेना. मग वाऱ्याने काहीतरी आणलं आणि ती विसरली. पळाली, वळली, वेग कमी केला. वारुळांच्या पलीकडे ती थांबली. कुत्रीचं शेपूट एकदा हललं, दोनदा हललं, आणि ताठ झालं.

"उभी आहे," नेल्बा म्हणाली. तिने भावाकडे वळून पाहिलं. "आदेमार, उभी आहे."

आदेमार पुढे गेला. त्याच्या पुढे कुणाचा खांदा नव्हता, आणि चालताना तो सवयीने डावीकडे झुकत होता, तिथे कुणीतरी असल्यासारखा. त्याचे वडील मागे थांबले.

तितर सरळ उडाला. मोकळ्या रानाकडे, उन्हात, शिकायला ठेवावा इतका सोपा. आदेमारचा एक बार उडाला आणि मग दुसरा. तितर पंख न हलवता तरंगत उतारापलीकडे गेला आणि गवतात दिसेनासा झाला.

लुंब्रे मान वळवून आदेमारकडे बघत राहिली.

नेल्बाला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती. तिला वाटलं, आता बाबा विचारतील. ते नेहमी विचारत. आणि मग हा काय म्हणेल? पण डॉन लेआंद्रोंनी विचारलं नाही. ते कान कलता ठेवून उभे राहिले.

आदेमारने बंदूक उघडली. दोन रिकामी काडतुसं गवतात पडली, त्यांतून धूर येत होता.

"चुकला, बाबा," तो म्हणाला. मागे वळला नाही. "दोन्ही गेले."

"हो," डॉन लेआंद्रो म्हणाले. "पहिला घाईत टाकलास. तितर अजून चढत होता, तू खालून गेलास. दुसरा फार थांबलास."

"तुम्हाला कसं..."

"ऐकलं."

आदेमार तसाच उभा होता. मग त्याच्या खांद्यांना एक झटका बसला. तो हसला की रडला, हे मागच्या तिघांपैकी कुणालाच कळलं नाही. कुणी तो प्रश्न पुढेही कधी विचारला नाही.

"तितर पडेपर्यंत मला बार टाकता येणार नाही ना?" दार्दो म्हणाला. "टाक दादा, लवकर. बूट चावतायत."

"भरू पुन्हा?" आदेमारने विचारलं.

"मला काय विचारतोस?" म्हातारा म्हणाला.

आदेमारने स्वतःच्या पट्ट्यातून दोन काडतुसं काढली, नळ्यांत सरकवली आणि बंदूक मिटली. नेल्बाने जीभ टाळ्याला लावून आवाज केला. लुंब्रे सुटली, आणि आदेमार कुणासाठी न थांबता तिच्यामागून उतार चढू लागला.